वॉल्टरचा टाय, डेलची टोपी

ऑफिसातले किस्से म्हणजे ऑफिसच्या किचनमधले कप. मुद्दाम कोणी आणत नाही, तरी कपाट भरलेलं! आमच्या म्युनिकच्या ऑफिसात निम्मे कप एकट्या वॉल्टरचे.

वॉल्टर अमेरिकेतल्या ओहायोचा. गिअरबॉक्स विभागात माझ्या शेजारी बसतो. कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे तिकडच्या जुन्या वळणाच्या पक्षाचा, तोही वडिलांपासूनचा. "सरकार लहान, कर कमी, व्यापार खुला आणि जीभ ताब्यात!" हे त्याचं स्तोत्र. आम्ही सगळे टी-शर्टात, हा रोज टायमध्ये!

*

सरकारने माणसाच्या आयुष्यात नाक खुपसू नये, हे त्याचं लाडकं वाक्य. एका रविवारी तो रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या, काच गोळा करायच्या कंटेनरमध्ये टाकायला गेला. शेजारच्या आजींनी भर रस्त्यात झापलं, "आज रविवार! आवाज करायचा नाही, नियम आहे!"

आम्हाला वाटलं, आता हा भडकणार. सोमवारी बघतो तर स्वारी खुशीत! "देवाचा रविवार पाळणारा देश! आम्ही तिकडे हेच तर मागत होतो!"

*

मग तिकडे वारं फिरलं. त्याच्याच पक्षाने आयातीवर शुल्क लावलं आणि त्यात आमचेच गिअरबॉक्स सापडले. मीटिंगमध्ये जर्मन बॉस म्हणाला, "आल्झो, तर मग वॉल्टर, हे तुझ्याच लोकांनी केलं ना?"

"हे पाप आहे, असं मला त्याच लोकांनी शिकवलं होतं," वॉल्टर म्हणाला.

मी म्हटलं, "आमच्या भारतात माणसं पक्ष बदलतात. तुझा तर पक्षच बदलला!" तो हसला नाही. मलाच वाईट वाटलं.

*

त्याचा धाकटा भाऊ डेल ओहायोहून आला, तो पक्षाच्या नव्या नेत्याची लाल टोपी घालून. जेवतानाही काढेना. जेवताना डोक्यावर टोपी नको, हा त्यांच्या वडिलांचा नियम. वॉल्टरने आठवण करून दिली आणि भडका उडाला. डेल म्हणाला, "तुमच्या खुल्या व्यापारात आपल्या गावचा कारखाना गेला. तेव्हा टायवाल्यांनी काय केलं?" दुसऱ्या दिवशी तो निघून गेला. बोलणं बंद.

हे सगळं वॉल्टरने मला ऑफिसात सांगितलं.

"कारखाना गेला, हे खरंच आहे," तो म्हणाला.

"मग सोड ना तो पक्ष!" मी म्हटलं.

"भिंतींना कोणी भलता रंग दिला, म्हणून बापाचं घर सोडतोस का? पक्ष सोडणार नाही आणि भाऊही सोडणार नाही!"

दर रविवारी तो डेलला फोन लावायचा. डेल उचलायचा नाही. हा पठ्ठ्या पुढच्या रविवारी पुन्हा लावायचा. शेवटी निरोप ठेवला, "भांडायचं तर भांड, पण जेवायला ये!"

*

थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाला इथे सुट्टी नसते. वॉल्टर रजा टाकून टर्की भाजतो. यंदा मीही होतो आणि डेलही! टोपीसकट. टेबलाशी आल्यावर मात्र त्याने ती काढून खुर्चीला अडकवली. प्रार्थना झाली. मी मनात म्हटलं, आता राजकारण नको रे देवा.

तेवढ्यात डेलने विचारलंच, "या खेपेला मत कोणाला?"

"आपल्या पक्षाला," वॉल्टर म्हणाला.

"आपल्या म्हणजे कोणत्या?"

"बाबांच्या."

डेलने ताट जवळ ओढलं. मग म्हणाला, "मीही त्यालाच देतो."

वॉल्टरने टाय सैल केला.

"बटाटे घे," तो म्हणाला.