मेण आहे तोवर

सोलापूरहून कोल्हापूरची एसटी सुटली तेव्हा मी खिडकीशी बसून नलिनीशी मनातल्या मनात भांडत होते. आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला होता. "तुझ्या चेहऱ्यात थोडा बदल केलाय. मेण आहे तोवर येऊन बघ. एकदा धातू ओतला की संपलं." काय बदल, ते सांगेना. दुकान सुनेवर सोडून मी निघाले.

चेहरा म्हणजे आमच्या मूर्तीतला. तरुणपणी मी डोक्यावर टोपली घेऊन, जुन्या कपड्यांवर भांडी देत दारोदार फिरायचे. नलिनी तेव्हा नवऱ्याच्या नोकरीमुळे सोलापुरात होती. तिच्या दारात एका जरीच्या साडीवरून आमची जुंपली आणि तिथूनच मैत्री झाली. पुढे माझं भांड्यांचं दुकान झालं. साठीच्या आसपास तिने मला मूर्तिकामाच्या वर्गाला ओढत नेलं. तो पहिला सौदाच आम्ही मेणात घडवला. टोपलीवाली तिने केली, घरातली बाई मी केली. म्हणजे तिने मला आणि मी तिला. तिने माझं तोंड चांगलं मोठं उघडं केलं होतं आणि ते मला पसंत होतं. नंतर ती माहेरगावी, कोल्हापूरला परतली आणि मूर्ती ओतून घ्यायला सोबत घेऊन गेली. आमच्या पहिल्या प्रदर्शनात ती मूर्तीच मधोमध असणार होती.

सांगोला गेलं, मिरज गेली, दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. आयुष्यभर बायका मला दारातून सांगत आल्या, "हळू बोल गं, शेजारी ऐकतात." नलिनी कधी म्हणाली नव्हती. आता प्रदर्शनाला तिची माणसं येणार, म्हणून तिलाही माझी लाज वाटू लागली की काय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

ओतशाळा शिरोली एमआयडीसीत, म्हणून शहरात न जाता सांगली फाट्यावरच उतरले. रिक्षावाल्याचा आकडा ऐकून म्हटलं, "मला रिक्षा विकत नाही घ्यायची."

"नगा घेऊ. चालत जावा की. ऊन फुकट हाय."

मी खरंच चालत निघाले. वाट चुकले, चपलेत काळी वाळू शिरली. थोड्या वेळाने तोच रिक्षावाला शेजारून हळूहळू आला. "बसा मावशी. तुम्ही म्हणशीला त्येच द्या."

पत्र्याच्या शेडच्या दारात नलिनी उभी होती, हातात खर्डा (ठेचलेली मिरची) आणि भाकरीचा डबा.

"आधी खा."

"आधी दाखव."

तिने फडकं काढलं. माझं तोंड मिटलेलं होतं. ओठ घट्ट.

"माझं तोंड बंद केलंस?" मी इतक्या जोरात बोलले की आतलं ठोकणं थांबलं. "कोण येणारेत एवढे मोठे, की माझी लाज वाटावी?"

ओतारी (धातू ओतणारा) हात पुसत बाहेर आला. "अक्का, ह्याच व्हय तुमच्या पावण्या? मग आदीचं उघडं त्वांडच बरोबर व्हतं की."

"तुम्ही थांबा जरा," नलिनी त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "पारू, ओरडून तू मला कधी हरवलं नाहीस. ओरडायला मलाही येत होतं, मी इथलीच आहे. तू शेवटचा भाव सांगायचीस आणि टोपलीवर हात ठेवून नुसती बघत राहायचीस. ते मला सोसायचं नाही. मग मीच बडबडत सुटायचे. त्या बडबडीतच साडी गेली माझी. मेण समोर ठेवून बसले तेव्हा कळलं, तोंड चुकलंय."

ही युक्ती मी सुनेलाही शिकवलेली नाही. नलिनीने ती इतकी वर्षं ओळखून ठेवली होती. डब्यावर हात ठेवून मी तिच्याकडे बघत राहिले.

"हे बघा, हेच," ती ओताऱ्याला म्हणाली.

मी केलेली नलिनी मात्र मिटल्या ओठांची, सोज्वळ उभी होती. "मग त्या दारात बोलत कोण होतं? तूच ना?" मी पातळ सुरी दिव्यावर तापवली. "माझं मिटलंस, आता तुझं उघडते."

"उघड."

मेणाचे ओठ कोरून उघडे केले. ओतारी वाकून म्हणाला, "व्हट लई पातळ झालं. धातू तितवर पोचंल का न्हाय, सांगता येत न्हाय. न्हाय पोचला तर त्वांडाच्या जागी भोक."

"आणि मेण?"

"मेण कुठलं ऱ्हातंय. वितळून गेलं की."

ओठ जाड केले असते तर धोका नव्हता. पण मग ती नलिनी दिसली नसती. "असेच राहू दे," नलिनी म्हणाली. मग आम्ही भाकरी खाल्ली. खर्ड्याने डोळ्यांत पाणी आलं, ते दोघींनाही सोयीचं झालं.

दुसऱ्या दिवशी परतले. पुढे कितीतरी दिवस फोन वाजला की हातातलं टाकून धावायचे. शेवटी एका दुपारी, एक बाई दुकानात कढईचा भाव करत असताना नलिनीचा फोन आला.

"साचा फोडला," ती म्हणाली आणि थांबली.

मीही थांबले. आता बोलेल, मग बोलेल. पलीकडे ठोकण्याचा आवाज येत होता. शब्द नाही.

"सांग ना गं," मी म्हणाले. "ओठ आले का? भोक पडलं? अगं, मी जाडच करायला हवे होते, तू तरी मला अडवायचंस, त्या माणसाने सांगितलं होतं..."

"आले," नलिनी म्हणाली. "दोघींचेही. किती बोलतेस, पारू."

त्या गडबडीत ती बाई कढई स्वतः सांगितलेल्या भावात घेऊन गेली. एवढी स्वस्त कशी दिली, असं संध्याकाळी सुनेने विचारलं. मी गल्ल्यावर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिले.