समाजमंदिराचं कुलूप

सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म गेला माझा. वॉर्डात माणसं मरताना पाहिली, पण मेलेलं कोणी परत आलेलं काही दिसलं नाही. त्यामुळे असल्या गोष्टी कोणी सांगू लागलं की मी उठून जायची. पण गेल्या वर्षी कपाशीवर औषध फवारायच्या दिवसांत जे झालं ते डोक्यातून जात नाही... आणि आठवलं की भीती वाटत नाही, संताप येतो.

बाभुळगाव तालुक्यातल्या एका गावात, समाजमंदिराच्या खोलीत आमचा रविवारचा मोफत दवाखाना चालतो. डॉक्टर यवतमाळचे, मीही तिथलीच. रिटायर झाल्यावर घर खायला उठलं म्हणून जाऊ लागले. बीपी बघायचं, ड्रेसिंग करायचं. आपण अजून कोणाच्या तरी कामाचे आहोत, एवढं वाटायचं.

आदल्या रविवारसारखेच त्या रविवारीही डॉक्टर आले नाहीत. म्हातारी माणसं सकाळपासून ताटकळलेली. दुपारी फोन लागला तर म्हणाले, नात्यातल्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात आहे, पुढच्या रविवारी बघू.

माझं डोकंच फिरलं. लोकांना घरी पाठवलं आणि झाडलोट करणाऱ्या कौसल्याबाईंना सांगितलं की आता मीही यायची नाही.

दाराला कुलूप लावायला गेले, तर लागेना. सकाळी मीच उघडलेलं! तेल सोडलं, दगडानं ठोकलं... नाही. कौसल्याबाईंनी घरचं कुलूप आणलं. हातात दाबलं की खट्कन बसायचं, कोयंड्यात घातलं की उघडंच.

"सिस्टरबाई, हे काय होय वो?" त्या हळूच म्हणाल्या.

मी चिडून आणखी जोर लावला. बोट सोलून निघालं.

तेवढ्यात एक ऑटो थांबला. आत रेखा, कपाशी फवारायला मजुरीनं जाणारी पोरगी. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, कपड्यांना फवारणीच्या विषारी औषधाचा उग्र वास. नवऱ्यानं तिला मांडीवर धरलेलं.

"यवतमाळले नेऊन राह्यलो होतो. दार उघडं दिसलं म्हून थांबलो."

कौसल्याबाईंनी तिचे कपडे उतरवून साबणानं अंग धुतलं. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांचं एकच — यवतमाळला पाठवा.

"रस्त्यात जाईल ती," मी म्हटलं. "ॲट्रोपिन आहे माझ्याजवळ. डोस सांगा, मी देते."

पलीकडून सनई ऐकू येत होती. शेवटी त्यांनी त्या विषावरच्या इंजेक्शनचा डोस सांगितला. मी ते दिलं, त्यांना विचारून पुन्हा दिलं. ॲम्ब्युलन्स येईतो छातीतली घरघर कमी झाली होती.

ती गेल्यावर दार ओढलं. कुलूप पहिल्या दाबात लागलं.

रेखा वाचली. शेतमालक मात्र गावभर सांगत फिरला की तिनंच तोंडाला फडकं बांधलं नव्हतं. तू मास्क दिला होता का, असं मी विचारलं, तर गाडीला किक मारून निघून गेला.

दोन्ही कुलपं यवतमाळला नेऊन दाखवली. दुरुस्तीवाला म्हणाला, काही खराबी नाही. मी आजही दर रविवारी जाते, आणि डॉक्टरांना आणायला आधी त्यांच्या दारात जाऊन उभी राहते.

परवा रेखाचा नवरा भेटला. हात जोडून म्हणाला, "देवानंच दार लागू देल्लं नाही, सिस्टरबाई."

माझा पुन्हा भडका उडाला. म्हटलं, "देवाले कुलूप अडवता येते, तर तिच्या पाठीवरचा फवारणीचा पंप काहून नाही अडवला?"

मला अजून दोन्हींचं कोडं सुटलेलं नाही — ना कुलपाचं, ना पंपाचं.