दुसऱ्या बाकावरचं आमेन

आमच्या चर्चमध्ये उपाशी माणसाला तांदूळ मिळतो, छप्पर नसलेल्याला खोली शोधून देतात आणि माझ्यासारख्याला माईक मिळतो. हे तिसरं बंद केलं तर पहिली दोन कामं जास्त बरी चालतील, असं बायकोचं मत आहे. पाळकसाहेबांचंही असावं, पण ते भले माणूस आहेत.

मदत समितीत मी बुधवारी आणि शनिवारी दुपारी चर्चमागच्या खोलीत बसतो. बसस्टँडवर झोपणारे येतात, घरमालकानं सामान बाहेर ठेवलेले येतात. कोण कुठल्या धर्माचा हे आम्ही विचारत नाही. कोणाला चादर द्यायची, कोणाला औषध, आणि कोणासाठी घरमालकाशी दोन शब्द बोलायचे. ते दोन शब्द माझ्याकडे असतात. मी दोनशे बोलतो.

गेल्या मे महिन्यात एक बाई आली. पन्नाशीची, ऊर्जानगरच्या एका मेसमध्ये भांडी घासणारी. नवरा वारलेला. खोलीसाठी मालकाची अट होती, एकच माणूस, कारण बोअरचं पाणी पुरत नाही. आणि तिनं मोठ्या भावाला आणून ठेवलं होतं. तो गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीवर कामाला होता, खोकला लागला, काम गेलं, घर गेलं. तिला तो बसस्टँडच्या पंख्याखाली झोपलेला सापडला.

"पहाटे मालक उठाच्या आंधी त्याले बाहेर काढतो, भाऊ. अंधार पडला का मंग आत घेतो. दिवसभर उन्हात फिरते बिचारा. दोघाले चालन अशी खोली पाहून द्या."

"पाहतो ना."

"अन् आमचे मालक तुमच्याच चर्चचे हायेत. त्याहिले कळू देऊ नोका. आम्ही बुद्धाचे, तुमच्या चर्चात आमचं कोनी नाई सांगाले."

"बाई," मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "माझ्या पोटात गेलेली गोष्ट पोटातच राहते."

दिवसा तिचा भाऊ चर्चच्या व्हरांड्यात बसू लागला. वाकलेला, शांत, खोकला आला की तोंडावर दुपट्टा धरणारा. मी खोली शोधत होतो, म्हणजे चार लोकांना सांगून ठेवलं होतं.

मग रविवार आला आणि मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी मागायची, प्रार्थना माझ्याकडे आली. आम्हा चर्चवाल्यांची एक खोड आहे. जे पारावर बोलायची लाज वाटते, ते आम्ही डोळे मिटून देवाला सांगतो, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. देवाला ठाऊक नसल्यासारखे तपशील देतो. मी म्हणालो, "प्रभू, एक बहीण आहे, नाव तू जाणतोस." नाव घेतलं नाही याचा मला इतका अभिमान वाटला की मी वाहत गेलो. "मेसमध्ये भांडी घासते, प्रभू. निळ्या दाराच्या एका खोलीत आजारी भावाला लपवून ठेवते. त्याला पहाटेच बाहेर काढावं लागतं. घरमालकाचं कठीण मन तू मऊ कर."

दुसऱ्या बाकावरून सगळ्यांच्या आधी, खणखणीत, "आमेन!"

डोळे उघडले. घरमालक. चार दिवसांसाठी नागपूरला मुलीकडे गेलेले, शनिवारी परतलेले.

उपासना संपल्यावर ते माझ्याजवळ आले, हात मिळवला. "छान प्रार्थना केली, भाऊ. निळा रंग मीच मारला हाये." आणि संध्याकाळी त्यांनी बाईला सांगितलं, बुधवारपर्यंत खोली खाली पाहिजे.

सोमवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याबद्दल पंधरा मिनिटं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या घरी वरती एक खोली हाये नं?"

"तिच्यात सामान आहे."

"माह्या बोअरमधी पानी नाई, तुमच्या खोलीमधी जागा नाई. मंग कठीण मन माह्यंच काऊन?"

 मी स्कूटी काढून बाबूपेठ पालथं घातलं, मग दुर्गापूर. कुठे खोली होती तर खोकला नको होता. कुठे खोकला चालत होता तर "लोक कोन हायेत?" हा प्रश्न यायचा आणि उत्तर ऐकून खोली अचानक भाच्यासाठी राखीव निघायची. मंगळवारीही तेच. ऊन डोक्यात भणभणत होतं. पाणी पिऊ म्हणून थांबावं तर बसवेना, बसावं तर उठावंसं वाटे.

मंगळवारी दुपारी बाई धावत चर्चवर आली. व्हरांडा रिकामा होता.

"माह्यामुळं तुही खोली जाते, मी जातो, म्हनला! तुमी काय बोलले माइकात, भाऊ? काय बोलले?"

 मी तिला स्कूटीवर मागे बसवलं आणि बसस्टँड गाठलं. त्यांच्या मूळ गावाला, सावलीला, जाणाऱ्या गाडीत, खिडकीशी, मांडीवर पिशवी घेऊन तो बसला होता. त्या गावात त्यांचं आता कोणीच उरलं नव्हतं. बाई गाडीत चढली आणि अख्ख्या गाडीसमोर त्याला झापलं.

"कोनाकडं चालला? कोन हाये तिथी?"

"तू राह्य नं सुखानं."

"तुले बाहेर काढून मी सुखानं राहीन? उतर!"

कंडक्टर म्हणाला, "बाई, तिकीट घ्या नाई तं दोघं बी उतरा."

तो उठेना. कुठे उतरू, असं विचारत होता, आणि ती त्याची पिशवी ओढत होती. तेव्हा मी दारातून ओरडलो, "माझ्या घरी! वरची खोली आहे!" गाडीतले सगळे माझ्याकडे वळले. बायकोला विचारायचं राहून गेलं होतं, हे वाक्य तोंडातून निघून गेल्यावर लक्षात आलं.

बायकोनं दार उघडलं, तिघांना पाहिलं, ऐकून घेतलं. "वरचा तुमचा तीस वर्षांचा पसारा कोन काढन? हे?" तिनं त्या खोकणाऱ्या माणसाला सावलीत बसवून पाणी दिलं आणि मला वर पिटाळलं. मासिकं, मोडका कूलर, बिनचाकाची सायकल, सगळं मी एकट्यानं खाली आणलं.

बाई मात्र दारातच उभी. "भाडं किती?"

"राहू द्या हो, भाडं कशाला."

"राहू द्या म्हनजे उद्या जा म्हनाले सोपं. तुमी आज बोलता, उद्या भुलता. मेसवाले मले पगार देतात, मी भाडं देतो. कागद करा."

मी कागद आणला आणि नेहमीच्या सवयीनं वरच्या बाजूला लांबलचक प्रस्तावना सुरू केली. तिनं कागद ओढून घेतला, मागची कोरी बाजू वर केली.

"इथी लिवा. दोन मानसं. आंधी त्याचं नाव लिवा, मंग माह्यं."

मी लिहिलं. तिनं बोट ठेवून भावाचं नाव वाचलं, मग कागद त्याच्या हातात दिला, आणि तेव्हा कुठे आत आली.