बारा सेकंदांची दौड

"वाघ! वाघ आला ना बे! पोट्ट्याइले आत घ्या! माझी घोडी गेली रे!"

घोडीवाले भाऊ असे ओरडत, एका पायात चप्पल, हातात बांबूची काठी, थेट वाघाच्या आवाजाकडेच धावले. नागभीडजवळच्या त्या खेड्यातली दारं धडाधड लागली. एक म्हातारी चाळीस किलोची शेळी काखेत मारून घरात शिरली. बरं, दहा किलोची असेल. पण शिरली.

आणि वाघ? वाघ धानाच्या तणसाच्या ढिगामागे माझ्या बगलेत होता. वीतभर, काळा, चार्जिंगवर चालणारा स्पीकर.

मी व्हिडिओ गेममधली जनावरं संगणकावर चालती करायला, म्हणजे ॲनिमेशन, शिकत होतो. पुण्याच्या कंपनीचं काम, घरी बसून. मुलाखतीत मी ठोकून दिलं होतं, की आमच्या घरी सात घोडे. मी घोड्यावर बसूनच शाळेत जायचो, आणि गणिताच्या तासाला घोडा खिडकीतून फळा वाचायचा. घरी खरं तर तीन बकऱ्या आणि एक बिनब्रेकची सायकल. पण थाप अशी काही लागू पडली, की गेममधला घोडा माझ्याच गळ्यात आला. मी केलेला पहिला घोडा खाट सरकवावी तसा चालला. कंपनीतल्या बाई व्हिडिओ कॉलवर हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडे सात होते ना?"

म्हणून मी भाऊंकडे गेलो. पंचक्रोशीतल्या वरातींची घोडी त्यांची. त्यांनी मला चाल शिकवली ती डोळे मिटून, पत्र्याच्या डब्यावर बोटं वाजवत. "मांगचा डावा, पुढचा डावा. मांगचा उजवा, पुढचा उजवा. चार आवाज आले पायजे. दोन एकत्र आले का समज, चाल बदलली." आठवडाभरात माझा घोडा चालायला लागला, दुडक्या चालीनं पळायलाही लागला. भाऊंनी एक पैसा घेतला नाही. वर चहा पाजला.

घोडीची ख्याती एकच होती: ती भीत नव्हती. डीजे कानाशी लावा, ती डोळे मिटून उभी. एकदा पोटाखाली सुतळी बॉम्ब फुटला. नवरदेव पडला, नवरदेवाचा मामा पडला, बँडवाला तर पुढच्या गावात सापडला. ही चणे खात होती. मी यात फार भर घातलेली नाही. तिच्या त्या न भिण्यावर भाऊंचा अख्खा लग्नसराईचा हंगाम उभा होता.

मला मात्र आता दौड हवी होती. चारही पाय जमिनीवरून सुटतात, खूर पोटाखाली गोळा होतात, तो एक क्षण. भाऊंनी मान हलवली. "पळत नाई ते. पळत नाई म्हणूनच तं लोकं पोरगा बसवते तिच्यावर."

सोमवारी काम दाखवायचं होतं. मोहर्लीच्या जंगलात पर्यटकांना जिप्सीतून फिरवणाऱ्या मावसभावानं मला मागे कधीतरी वाघाची डरकाळी पाठवली होती. भाऊ बोअरिंगवर पाणी आणायला गेले. मी कॅमेरा लावला, घोडीचा दोर सोडला आणि बटण दाबलं.

बारा सेकंद. धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीतून ती अशी सुटली, की मीच बघत राहिलो. मग धुऱ्याच्या बांधाला अडखळून पडली. दोन्ही गुडघे सोलून निघाले. भाऊ पोचले तेव्हा ती उभी थरथरत होती. काठी टाकून त्यांनी तिच्या मानेला कपाळ टेकवलं.

मी काय केलं? स्पीकर पिशवीत कोंबला आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं "वाघ, वाघ" ओरडलो. जंगलखात्याचा गार्ड आला, तर त्याला म्हणालो, पंजा परातीएवढा होता. त्या भागात वाघ खरोखर माणसं नेतो. बायांनी आठ दिवस मोहफुलं वेचायला जाणं सोडलं. आयुष्यात इतक्या थापा मारल्या, पण सगळ्यांनी खरी मानलेली तेवढीच.

दौड मात्र कंपनीत गाजली. बाई म्हणाल्या, "सात घोडे कामी आले." मी हसलो. ते हसू आजही आठवलं की कानशिलं तापतात.

दोन महिन्यांनी लॅपटॉप घेऊन भाऊंकडे गेलो. घोडीचे गुडघे भरले होते. एवढ्यात रस्त्यावरून गाणं लावलेला ट्रॅक्टर गेला आणि तिनं दोर ताणला. अंगाला घाम फुटला, डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं.

"लग्नं?" मी विचारलं.

"सोडले. गाण्याचा पोंगा वाजला का उधळते. परवा नवरदेव पाडला."

मी लॅपटॉप उघडला. काय दाखवायचं सुचेना, म्हणून दौडच दाखवली. भाऊंनी दोनदा पाहिली.

"बराबर आहे. पण हे पळणं नोहे. भ्याली आहे ते."

येताना वाटेत मी कबुलीजबाब तयार केला होता; चांगला लांबलचक, मधे कंपनीचा दबाव, शेवटी डोळ्यांत पाणी. तोंडातून निघालं ते एवढंच: "भाऊ, त्या दिवशी वाघ नव्हता. मी वाजवला होता."

भाऊ घोडीपुढे बादली ठेवत होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"मालूम आहे मले. वाघ राह्यला का वांदरं ओरडते. त्या दिवशी एक नाई ओरडलं." मग बादली जराशी पुढे सरकवली. "पण तिले कोण सांगन?"