आखरावरचं शेण

पाटलानं जोड्याच्या लाथेनं माझी टोपली उलटी केली. ओलं शेण लुगड्यावर उडालं, तोंडावरही. भोवती उभी असलेली माणसं हसली.

"काहून व, तुह्या बरबटीले खत कायले पायजे? माह्या कापसाले टाक ते!"

बाळापूरच्या अलीकडचं आमचं गाव. गावची गुरं सकाळी गोळा होतात ती जागा म्हणजे आखर. ती झाडायचं काम आम्हा महारांचं आणि झाडलेलं शेणही आमचं, हा रिवाज माझ्या आजेसासऱ्याच्याही आधीचा. ते शेण कुजवून आम्ही हाडोळ्यात, म्हणजे गावकीच्या कामापोटी मिळालेल्या मुरमाड तुकड्यात, टाकत होतो. तिथं चवळीसारखी बरबटी पेरायची. दाणे आम्ही खायचे, वेल बैलाला. बरबटीला खत लागत नाही, असं काळ्या जमिनीवाले सांगतात. मुरमात पेरून बघावं त्यांनी. खताशिवाय वेल वीतभर वाढतो आणि पिवळा पडतो.

मग कापसाला भाव आला. दूर कुठं तरी लढाई लागली होती म्हणे. पाटलानं ज्वारीची वावरं मोडून कापूस पेरला. ज्वारी नाही, म्हणून कडबा नाही. गावभर गुरांच्या बरगड्या दिसू लागल्या. चाऱ्याची इतकी चणचण, तरी खत मात्र सगळं कापसालाच. कुणी विचारत नव्हतं, की कापसाच्या गाड्या ओढणारे बैल खाणार काय?

"उचल," पाटील म्हणाला.

मी दोन्ही हातांनी शेण गोळा केलं. उन्हाळाभर कुजवलेला आमचा ढीगही त्यानं माझ्याच हातून त्याच्या गाडीत भरून घेतला. सासू कानाशी पुटपुटली, "गप ऱ्हाय बाई." मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची अजून चीड येते.

पाऊस झाला, बरबटी उगवली आणि पिवळी पडली. दिवाळीनंतर बैल बसला तो उठलाच नाही. आमचा एकुलता एक बैल. मेलेली गुरं ओढायचं कामही आमचंच, तेव्हा त्यालाही आम्हीच ओढून नेलं. दोर ओढता ओढता मला सगळं दिसलं. शेण घाण होतं तोवर ते आमचं. त्याचा कापूस व्हायला लागला, तसं ते पाटलाचं झालं. घाण तेवढी आमच्याकडे राहिली.

दुसऱ्या दिवशी पाटलाचा गडी दारात आला. "आखर झाडाले चाल."

"नाई येत. शेण तुमचं, तं झाडा तुमीच."

"गावकी हाय तुमची! रिवाज हाय!"

"रिवाज पाटलानं मोडला. अर्धा मोडत नसते थो."

त्या दिवसापासून गावकीच्या बदल्यात घरोघर मिळणारी भाकर बंद झाली. सासू रडते, नवरा माझ्याशी बोलत नाही. आखरावर शेण साचलं आहे. त्याला हात लावायला कुणी तयार नाही आणि पाटलाच्या कापसालाही ते मिळत नाही. मी खराटा चुलीत घातला. आमचं खत आमच्या हाडोळ्यात पडेल, त्या दिवशी नवा बांधीन. तोवर पाटलानं स्वतः वाकावं.