दाराशी ठेवलेले जोडे

मी एकतीस वर्षं तलाठी होतो. हिवरखेडच्या पुढे एका गावात नेमणूक असताना मी एक खोटा शेरा लिहिला. खोटा आहे हे महिन्याभरातच कळलं, तरी मी तो दुरुस्त केला नाही.

नवऱ्याने टाकलेल्या एका बाईने निराधार अनुदानासाठी अर्ज केला होता. नावावर जमीन नाही, मूलबाळ नाही, पोट मजुरीवर. नियमात ती पूर्ण बसत होती. ती खरंच एकटी राहते का, एवढंच मला पाहायचं होतं. मी गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं, ती निंदणाला गेली होती. उंबऱ्याबाहेर पुरुषाचे जोडे दिसले. कोणाला काही न विचारता मी लिहिलं, ‘पती सोबत राहतो. अपात्र.’

पुढे तिची शेजारीण, एक म्हातारी, चावडीवर भेटली. “थे जोडे तिच्या मेलेल्या बापाचे आहेत, पटवारी! बाई एकटी रायते तं दारात माणसाचे जोडे ठेवाच लागते. इतकंय नाही समजत तुमाले?” ती हसली. मीही हसलो. शेरा बदलायचा तर चौकशी न करताच तो लिहिला हे कबूल करावं लागलं असतं. तेवढ्यात माझी मूर्तिजापूरला बदली झाली आणि मी सुटलो. तिने नंतर दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा माझ्यानंतरच्यांनी माझाच शेरा जसाच्या तसा उतरवून काढला.

यंदा अकोल्यात एका लग्नात त्या गावचा माणूस भेटला. म्हणाला, तिचे गुडघे गेले, आता वावरात जाववत नाही, पुन्हा अर्ज टाकलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बस धरली.

तिने मला ओळखलं. मी सगळं सांगितलं.

“तवा काहून नाही इचारलं मले? मी का लय दूर होतो? वावराच्या धुऱ्यावरून हाक मारली असती तं आलो असतो.”

“चुकलं माझं, बाई.”

“मले सांगून काय होते? जिथं लिवलं तिथं सांगा.”

मी तहसीलीत गेलो. कारकून म्हणाला, “काका, सुखानं पेन्शन खाऊन राहिले ना? काहून जुनं उकरता? तुमच्यावरच येईल.”

“येऊ दे. जबाब लिहून घे.”

पुढच्या आठवड्यात नवीन तलाठी चौकशीला आली, तरुण मुलगी. त्याआधी मी बाईला म्हणालो, “आजचा दिवस जोडे आत ठेवा.”

“काहून? चौकशी एका दिवसाची. मी तं रोजच एकटी रायतो.”

जोडे दारातच राहिले. ती मुलगी त्यांच्यापाशी थबकलीच. मी म्हणालो, “उचलून बघा, बेटा.” कातडं लाकडासारखं कडक झालं होतं आणि आत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. त्यात कोणाचा पाय जाणं शक्यच नव्हतं. त्या वेळी मी नुसता वाकलो असतो, तरी मला कळलं असतं.

मुलीने तसंच लिहिलं: जोडे कोणाचे, कशासाठी. ‘बाई एकटी राहते. पात्र.’ खाली साक्षीदार म्हणून मी सही केली. बाईने जोडे परत जागेवर ठेवले.

मंजुरी अजून आलेली नाही. दर सोमवारी पहिल्या बसने मी तहसीलीत जाऊन बसतो. कारकून आता मला पाहिलं की आधी तिची फाईल काढतो.