एम्बायरेवरची पाहुणी

कवुधा आत्या उत्सवाला आली ती काखेत कोंबडी घेऊन. अंगणात गुडघे टेकून तिने आधी सगळ्या वडीलधाऱ्यांना रीतसर नमस्कार केला, कोंबडी माझ्या आईच्या हातात दिली, "कापू नकोस हं नाइगागे, अंड्यावर आलीय," असं बजावलं, आणि सरळ जाऊन एम्बायरे शिकायला आलेल्या पाहुण्यांच्या रांगेत बसली.

"ताई, तिकडे नाही," बाबा म्हणाले. "ती शिकणाऱ्यांची रांग आहे."

"मग मी काय इथे सुकट विकायला बसलेय?"

सुकट ती बाजारात विकते, आणि तिथे तिच्या आवाजापुढे मशिदीचा भोंगाही दबून असतो. रांगेतले पाहुणे हसले. आमच्या गावचे म्हातारे मात्र हसले नाहीत.

आमचं एम्बायरे हे अंगणाएवढं वाद्य. खड्डा खणायचा, त्याच्या दोन्ही काठांना केळीचे बुंधे आडवे टाकायचे आणि त्यांवर मांडीएवढ्या जाड लाकडी पट्ट्या मांडायच्या. वाजवणारे काठ्या घेऊन समोरासमोर बसतात. एका बाजूचा ठोका पडला की पुढचा पडायच्या आधी, मधल्या फटीत, दुसऱ्या बाजूचा पडतो. माझ्या आजोबांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या काळापासून तो खड्डा आत्या खणत आली; लग्नानंतरही उत्सवाआधी येऊन खणून जायची. बुंधे तीच तोडून आणायची. उन्हाने कुठल्या पट्टीचा सूर फिरलाय ते आजोबांच्या आधी तिला कळायचं. पण वाजवायची वेळ झाली की तिच्या हातात भोपळ्याचा खुळखुळा. आमच्या गावात बायकांनी गायचं, नाचायचं. काठ्या पुरुषांच्या.

गेल्या वर्षी उत्सवात कंपालाची एक शाळामास्तरीण आली, आपियो नावाची. ती बेधडक काठ्या घेऊन बसली, आणि कुजबुज सुरू झाली. तेव्हा आजोबांच्या भावाने, म्हणजे तिबेन्काना आजोबांनीच निवाडा दिला होता, "पाहुण्याला बाई-पुरुष काही नसतं. पाहुणा तो पाहुणा." आत्या तेव्हा शेजारीच खुळखुळा वाजवत होती. तिने ते ऐकून ठेवलं. वर्षभर थांबली.

आता तेच आजोबा काठी टेकत तिच्यासमोर आले. "कवुधे, ऊठ. तू घरची."

"घरची? काका, माझ्या लग्नात तुम्हीच म्हणालात ना, 'पोरी, आजपासून या अंगणात येशील ती पाहुणी म्हणूनच'? गोमेसी झग्याच्या पट्ट्याला गाठ मारून ठेवलीय मी त्या शब्दाची."

"जीभ कुणावर गेलीय हिची?"

"तुमच्या भावावर."

आजोबांनी बाबांकडे बघितलं. बाबांना एकाएकी पट्ट्या नीट लावायचं काम आठवलं. "बैस तर मग," आजोबा म्हणाले. "पण ऐक. शेवटच्या दिवशी सगळं गाव जमेल. त्यांच्यासमोर चुकलीस, तर तुझ्यापुरता आणि गावातल्या सगळ्या पोरींपुरता हा विषय मिटला."

"आणि नाही चुकले तर?"

"आधी न चुकून दाखव."

गावातल्या पोरींमध्ये मीही होते. त्या दिवसापासून मी स्वयंपाकघर आणि अंगण यांच्या मधोमधच उभी राहायला लागले.

आणि आत्या चुकायला लागली. शिकणाऱ्या सगळ्यांत तीच जास्त.

"ताई, माझ्या ठोक्यावर येऊ नकोस. फटीत ये," समोर बसून शिकवणारे बाबा म्हणायचे.

"फटीतच येतेय."

"फटीत नाही, माझ्या डोक्यावर येतेस."

"लहानपणापासूनची सवय आहे ती."

पाहुण्यांना गाणं ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांचे हात मुकाट सांगितलं तिथे पडत. आत्याच्या हाडांत गाणं मुरलेलं. आयुष्यभर खुळखुळा गाण्याबरोबर हलवला, आणि गाणं चालतं ते बाबांच्या ठोक्यांबरोबर. हात आपोआप तिकडे धावायचा.

"मावशी, गाणं ऐकूच नका," यंदाही आलेल्या आपियोने सुचवलं. "मी तर ऐकतच नाही."

"गाणं नको ऐकू? मग काय रताळी ऐकू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा हळूच म्हणाले, "ताई, खुळखुळा घे ना. तुझ्यासारखा खुळखुळा साऱ्या बुसोगात कुणी वाजवत नाही."

"इतका आवडतो तर तूच घे," म्हणत आत्याने काठ्या ठेवल्या आणि तरातरा मागच्या अंगणात गेली.

तिथे आईने भाजलेले शेंगदाणे उखळात घातले होते. "वन्सं, आलाच आहात तर दुसरं मुसळ धरा." आत्या येईल त्या प्रत्येक खेपेला रश्श्याचं कूट या दोघीच कांडतात. आईचं मुसळ वर, आत्याचं खाली. शेजारणीच्या नव्या जावयाचं नाक, बाजारातला चिखल, सगळे विषय झाले. मग आत्याच्या तोंडी तेच गाणं आलं. एकदम ती थांबली.

"काय हो? खडा लागला?"

"नाइगागे, मी आत्ता गात होते?"

"घसा फाटेस्तोवर."

"आणि माझं मुसळ तुझ्यावर आपटलं?"

"इतक्या वर्षांत कधी आपटलंय? एकीचे तरी दात पडले असते!"

आत्या शेंगदाण्याच्या हातांनीच पुढे आली, फतकल मारून बसली आणि काठ्या उचलल्या. "मुगोया," ती बाबांना म्हणाली, "बस समोर. आता तू मुगोया नाहीस. नाइगागा आहेस."

"काय?"

"नाक मुरडू नकोस, त्यात तुझा मानच आहे. तुझं मुसळ वर गेलं की माझं खाली. हं, वाजव!"

बाबांनी वाजवलं. आत्याचा ठोका फटीत पडला. पुन्हा पडला, आणि पडतच राहिला. आपियोने तोंडावर हात ठेवला. आत्या वाजवता वाजवता गातही होती. तिने गाणं बंद केलं की हात डगमगायचा, सुरू केलं की पुन्हा ताठ.

शेवटच्या दिवशी कुंपणावरसुद्धा माणसं बसली होती. बाबांनी सुरुवात बेताने केली, पण मग तिबेन्काना आजोबांनी भुवई उडवली आणि बाबांनी वेग वाढवला. शेजारच्या गावचे वाजवणारे हरवायचे असले की वाढवतात, तसा. बहीण म्हणून सूट नाही. आधी दोन पाहुणे गळाले. मग आपियोने हसत काठ्या वर धरल्या. आत्या आईकडे बघत गात राहिली. गर्दीत उभ्या आईचे दोन्ही हात मुसळ धरल्यासारखे वर-खाली होत होते, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. घाम पुसायला आधी थांबले ते बाबा.

आजोबा उठले, खड्ड्याशी वाकले, आत बघितलं. "खड्डा बरा खणलाय," ते म्हणाले.

"मीच खणलाय."

दुसऱ्या सकाळी पाहुणे गेले. संध्याकाळी गावची मंडळी नेहमीसारखी वाजवायला जमली, तर आत्या तिच्या जागेवर आधीच बसलेली. हातात काठ्या.

"पाहुणे गेले की गं सगळे," आजोबा म्हणाले.

"मी कुठे गेलेय? आणि काका, पाहुण्याला 'जा' म्हणायची रीत आहे आपल्यात?"

तशी रीत आमच्यात नाहीच. आजोबांनी दाढी खाजवली आणि मग आत्याच्या पलीकडची रिकामी जागा काठीने दाखवत मला म्हणाले, "तू काय खांबासारखी उभी? बस तिथे. हिचं बघून तरी शीक."

"ताई," बाबांनी काठ्या उचलता उचलता विचारलं, "राहणार किती दिवस?"

"कोंबडी अंडी देतेय तोवर."

आई कोंबडीला दाणे टाकायला उठली.